एकच जाळ, वेगळं वांगं

आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला सवय होती. कामच ते होतं. पण चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या बागेत मी माझं एक वाक्य सगळ्या गावाच्या तोंडून एका सुरात ऐकलं. ते एका बाईला उद्देशून होतं, आणि ती बाई नटी नव्हती, माझी मामेबहीण होती. समोर केळीच्या पानावर गरम भरीत वाढलेलं होतं. हातातला घास मी खाल्ला की तसाच पानावर ठेवला, मला अजून आठवत नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितलं होतं वेगळंच. ‘मालिका लिहिताना आलेले गमतीदार अनुभव लिहा,’ म्हणाले. गमती आहेत, त्या आधी सांगतो. पण शेवटी जे सांगणार आहे ते मी बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. दुसऱ्यांसाठी हजारो वाक्यं लिहिली, स्वतःची जपून ठेवली. जिथे एक खर्च करायला हवं होतं तिथेही जपलं.

आधी धंदा समजून घ्या. रोजची मालिका एक माणूस लिहीत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. मी तिसरा. राहायला जळगावात, मालिका मुंबईत. दुपारी पटकथा फोनवर यायची. त्यात लिहिलेलं असायचं, ‘काकाजी थोरलीला सुनावतात. थोरली गप्प.’ काकाजींनी नेमकं काय सुनावायचं ते मी लिहायचं. बऱ्याचदा सेटवर दिवे लागलेले असायचे, नट रंग लावून बसलेले असायचे, आणि इकडे मी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजत वाक्य जुळवत असायचो. दर गुरुवारी आकडे यायचे, म्हणजे किती घरांनी मालिका पाहिली त्याचा अंदाज. आमचा देव तो. आकडा खाली गेला की कथेतल्या माणसांचे स्वभाव बदलायचे.

मालिकेचं नाव सांगत नाही, करारात तशी अट आहे. खान्देशातलं एक मोठं शेतकरी घर, घरात तीन मुलगे, तीन सुना, एक घरजावई, आणि सगळ्यांच्या वर काकाजी. बस, एवढंच. राजकारण आम्ही लिहीत नव्हतो. वाहिनीची सक्त ताकीद होती, ‘पक्ष नको, निवडणूक नको, सरकार हा शब्दसुद्धा नको.’ आम्ही फक्त घर लिहीत होतो. घर लिहिलं की राज्य आपोआप लिहिलं जातं, हे मला प्रेक्षकांनी शिकवलं.

पहिला धडा भुसावळला मिळाला. माझ्या मित्राचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्या सुमारास आमच्या मालिकेत घरजावई रुसून समोरच्या वैऱ्याच्या घरी जेवायला बसला होता. मी चहाला गेलो तर नानांनी मला खुर्चीत बसूही दिलं नाही.

“काय हो, आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ओळखता का तुम्ही?”

“नाही नाना.”

“खोटं बोलू नका. तो जावई तोच आहे. पंगत इकडे, हात धुवायला तिकडे! पेपरवाले पानं भरभरून लिहितात, गट काय, तांत्रिक बाब काय, माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. तुमचा जावई समोरच्या पाटावर बसला आणि मला कळलं. पाट मोठा होता हो तिकडचा! बाकी काही कारण नाही.” मग जरा वाकून हळूच म्हणाले, “परत कधी येणार तो?”

“कलाकाराची तारीख मिळाली की येईल.”

“आमचाही तसाच,” नाना म्हणाले. “तारीख जाहीर झाली की येतो.”

धुळ्याला एका केशकर्तनालयात तर मी गळ्याभोवती कापड बांधलेल्या अवस्थेत आपल्याच मालिकेवरचं व्याख्यान ऐकलं. मी कोण ते कारागिराला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं, दोन पक्ष एकत्र सरकार चालवतात तर रोज भांडतात कशाला? कारागीर माझ्या कानामागे वस्तरा धरून थांबला आणि म्हणाला, “मालिका बघता ना? दोन जावा एका ओट्यावर. भांडण भाजीचं असतं का? भाजी कुणालाच नको आहे. मसाल्याचा डबा कुणाच्या हाताशी, तेवढं बघायचं. पुढच्या वेळी भांडण झालं की भाजीकडे बघू नका भाऊ, डब्याकडे बघा.” तो डबा मी सहज टाकला होता. ओट्यावर नटीच्या हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. या माणसाने त्यातून अख्खं मंत्रिमंडळ वाचलं होतं. दाढी झाल्यावर मी आरशात स्वतःकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. गर्व होता तो, नाही कशाला म्हणू?

म्हणजे उपमा काम करत होती. खरं तर फारच काम करत होती. मला त्याची भीती वाटायला हवी होती, पण मी खूश होतो.

भीतीची पहिली टाचणी शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर टोचली. डॉक्टर मित्राबरोबर गेलो होतो. एका अंगणात टीव्ही बाहेर आणून ठेवलेला, दुपारी आदल्या दिवसाचा भाग पुन्हा लागतो तो बघत बायका बसलेल्या. डॉक्टरने कौतुकाने सांगितलं, हेच ते लिहितात. डोक्यावरची मोळी नुकतीच उतरवलेली एक बाई, बुधीबाई नाव, घाम पुसत मला म्हणाली, “त्या घरमा काम कोन करस?”

मी म्हटलं, “सखू आहे ना. मोलकरीण.”

“ती बोलत का नही?”

याचं खरं उत्तर धंद्यातलं आहे. मालिकेत नुसतं उभं राहणाऱ्या माणसाचा दर वेगळा, आणि एक जरी वाक्य असलं तरी वेगळा. निर्मितीवाल्यांचा मला नेहमी फोन यायचा, ‘दादा, सखूला वाक्य देऊ नका. मान हलवली तरी चालतंय.’ मी कितीतरी वेळा तिची वाक्यं काढून मान हलवायला लावली होती. पण हे अंगणात बसून कसं सांगणार? मी म्हटलं, “तिचा स्वभाव शांत आहे.”

बुधीबाई पडद्याकडे बघतच राहिली. मग शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “आनि ते घर म्हनजे सरकार शे, आसं हाई पोरगी सांगस. मंग आम्ही कोन? सखू?”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. ती हसली नाही.

आता मंगल.

मंगल माझी मामेबहीण, माझ्याहून थोडी लहान. माझं आजोळ चोपडा तालुक्यातलं, आणि तिला दिली तीही त्याच गावात. तिथल्या खालच्या आळीत तिची पिठाची गिरणी आहे. नवरा सुदाम, ट्रॅक्टर चालवतो. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका रांगेत बोलतात, त्यामुळे गावात काय चाललंय ते मंगलला पोस्टमनच्या आधी कळतं. आम्ही बहीण-भाऊ फोनवर अहिराणीच बोलतो. वाचकांसाठी इथे काही ठिकाणी सोपी करतो.

एका दुपारी तिचा फोन आला. एरवी गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलते. त्या दिवशी गिरणी बंद ठेवून बोलत होती. तिच्या शेजारची सून चोपड्याला नेताना वाटेत टेम्पोतच बाळंत झाली होती. मूल वाचलं, पण बाईचं रक्त फार गेलं. आणि गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत होती. कुलूप लावलेली.

“दवाखाना गावमाच शे, भाऊ,” मंगल म्हणाली. “त्यामा आबाच्या खताच्या गोण्या निजेल शेतस, आनि बाया टेम्पोमा बाळंत व्हतस.”

आबा म्हणजे गावचे मोठे बागायतदार. सरपंचपद कुणासाठीही राखीव असो, माणूस आबांचाच, आणि तोही बिनविरोध. आबा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. गावात रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर जीप त्यांचीच जाते. मी मंगलला तेच म्हटलं.

“जीप जास ना,” ती म्हणाली. “दवाखाना उघडा व्हता तं जीप लागती का?”

मग तिने भरिताचं सांगितलं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. कापूस वेचून झाला की शेतात वाळलेल्या झाडांच्या काड्या उरतात, त्या पऱ्हाट्या. त्या गावात रीत अशी, की पार्टी आबांच्या बागेत, वांगी आबांची, पण प्रत्येक घराने आपल्या शेतातून पऱ्हाट्यांचा एक भारा आणायचा. सगळ्यांचा मिळून मोठा जाळ करायचा, त्यावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. निवडणुकीचं साल असलं की जेवता जेवता आबा नाव सांगतात, लोक माना हलवतात, आणि निवडणूक झाली. आबा दरवर्षी म्हणतात, गाव म्हणजे एक घर, आणि घराचा जाळ एकच असतो.

“मी सुदामले म्हनू,” मंगल सांगत होती, “जाळ एकच शे, पन पऱ्हाट्या तं बठ्ठास्ना वावरमाईन उन्यात ना?”

जाळ एकच आहे, पण काड्या तर सगळ्यांच्या शेतातून आल्यात ना. मी ताठ बसलो. सरपंच, ग्रामसभा, मतदान, सगळं एका वाक्यात. म्हटलं, “मंगल, हे वाक्य मला दे.”

“घी जाय,” घेऊन जा, ती हसून म्हणाली. “मना कोठे कामले येस ते? तू टीव्हीवर बोल.”

मी टीव्हीवर बोललो. आमच्या मालिकेत माडीवर एक बंद खोली आणली, काकाजींच्या खताच्या गोण्यांनी भरलेली. धाकटी जाऊ बाळंतपणात अडली तेव्हा थोरली सून सुलभा म्हणते, खोली उघडा. मुंबईत सगळे उड्या मारायला लागले. केळी, भरीत, जाळ, ‘किती अस्सल आहे!’ सुरुवातीचे आठवडे आकडे चढले. मंगलचा फोन आला नाही, पण सुदामने सांगितलं की ती गिरणीवर सगळ्या बायकांना सांगत होती, बघा, माझ्या भावाने आपलं दुखणं टीव्हीवर नेलं.

मग एका गुरुवारी आकडा पडला. त्याच दुपारी फोनवर बैठक झाली. वाहिनीची बाई म्हणाली, “घर फोडणारी सून बायकांना आवडत नाहीये. सुलभाला थोडं ग्रे करू या.” ग्रे करणे म्हणजे चांगल्या माणसात हळूहळू काळं मिसळणे. भराभर ठरलं. सुलभाला खोली धाकटीसाठी नकोच आहे, तिला घराचा ताबा हवाय. मग काकाजी भरिताच्या पंगतीत तिला सुनावतील. ती घर सोडेल. बाहेर हाल होतील. परत येईल, उंबऱ्यावर माफी मागेल. एका महिन्याचे भाग निघाले.

पंगतीचा प्रसंग मी लिहिला. काकाजींचं वाक्य लिहिलं: “या घरात एकच जाळ. वेगळं वांगं भाजायचं असेल, त्याने वेगळी चूल बघावी.” चांगलं उतरलं होतं. त्याखाली सुलभाचं उत्तर लिहिलं, मंगलचं वाक्य, प्रमाण मराठीत. पाठवलं. लगेच मुंबईहून उलट फोन.

“दादा, काकाजींच्या वाक्यानंतर कुणी बोललं तर त्यांचं वजन जातं. शेवट काकाजींवर करू या. सुलभा गप्प. डोळ्यांत पाणी.”

मी खोडलं. भांडलो नाही, विचारही केला नाही. फोनवर बोट ठेवून ओळ काळी केली आणि पुसली. चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

वाक्य गाजलं. लोक लग्नात, पारावर, चहाच्या टपरीवर म्हणायला लागले. कुणी नवं दुकान टाकलं की, ‘वेगळं वांगं भाजलं का?’ मी खूश. मंगलचा फोन येणं बंद झालं होतं, आणि मी समजलो, कामात असेल.

पुढच्या हिवाळ्यात आबांचा फोन आला. “भाचेबुवा, गावचा भाचा एवढा मोठा लेखक! भरीत पार्टीला या, सत्कार करायचा आहे.” मी नवा सदरा शिवला, हेही सांगून टाकतो.

चोपड्याच्या स्टँडवर सुदाम मोटारसायकल घेऊन आला होता. गाव जवळ आल्यावर मागे न बघता म्हणाला, “तिनं सरपंचकीचा अर्ज भरलाय. बाईची जागा आहे. आबांची सून आणि ही, दोघीच. उद्या माघारीचा शेवटचा दिवस.”

“मला काही बोलली नाही ती.”

“तुला काय बोलणार?” सुदाम म्हणाला. थोड्या वेळाने, “आबांनी तुला कशाला बोलावलंय, कळलं नाही का भाऊ?”

मला खरंच कळलं नव्हतं.

जाळ पेटलेला होता. प्रत्येक घराचा भारा त्यात पडत होता. मंगलही डोक्यावर भारा घेऊन आली, जाळाशी टाकला, माझ्याकडे बघून, “उना का भाऊ?” एवढंच म्हणाली आणि वाढायला लागली. शाल झाली, नारळ झाला. पानं मांडली. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. पुरुषांची पंगत एकीकडे, बायकांची समोर. आबा उठले. रागावलेले नव्हते, हसत होते.

“मंडळी, आपल्या घरात औंदा एकीला वेगळं वाटायला लागलंय. मी काय बोलणार? भाचेबुवांनी आधीच लिहून ठेवलंय.” ते मंगलकडे वळले. तिच्या हातात पुऱ्यांची टोपली होती. “मंगल, या घरात एकच जाळ...”

आणि पंगत बोलली. वर सांगितलं ते हेच. म्हातारे, तरणे, समोरच्या बायका, जाळाशी खेळणारी पोरं, सगळे हसत, एका सुरात, जणू आरतीचं कडवं आहे: “वेगळं वांगं भाजायचं असेल, त्याने वेगळी चूल बघावी!”

टाळ्या पडल्या. एकदा मुंबईला गेलो तेव्हा सेटवर मी हा प्रसंग पाहिला होता. अशीच पंगत, अशीच बाई मध्ये उभी, हातात वाढायचं भांडं. फक्त इथे ‘कट’ म्हणणारं कुणी नव्हतं. ज्या बाईची सून टेम्पोत बाळंत झाली ती समोरच्या पंगतीत होती, आणि तीही हसत म्हणत होती. तिचा दोष नव्हता. राज्य कसं चालतं ते तिला मीच समजावलं होतं. थोरल्याला प्रश्न विचारणं म्हणजे घर फोडणं, आणि फोडणारी शेवटी उंबऱ्यावर येते. मंगलने अर्ज भरण्याआधीच गावाला शेवट पाठ होता.

“सांगा भाचेबुवा,” आबा प्रेमाने म्हणाले, “त्या थोरलीचं शेवटी काय झालं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंगलही. तिची नजर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या नजरेत राग नव्हता. वाट पाहणं होतं. माझ्या पुढ्यात भरीत होतं आणि डोक्यात ती खोडलेली ओळ होती, शब्दन् शब्द. ती तिथे म्हणायला पाच श्वासही लागले नसते. मागे जाळ होता, सगळ्यांचे भारे त्यात होते. असा प्रसंग मला पटकथेत कुणी दिला असता तर मी नाचलो असतो.

मी म्हणालो, “परत आली. माफी मागितली.”

हशा, टाळ्या. कुणीतरी मागून ओरडलं, “मंगलाक्का, उद्या तहसीलला जायचं, गाडी आबांची!” मंगल मला म्हणाली, “भाऊ, तुले काय वाटस? तिनी काय कराले पाहिजे व्हतं?”

ती मला दुसरी संधी देत होती. मी म्हणालो, “अगं, मालिका ती. शेवटी मालिकाच.”

तिने मान हलवली. हो असंही नाही, नाही असंही नाही. सखू हलवायची तशी. मग माझ्या पानावर एक पुरी वाढली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज मागे घेतला. आबांच्या जीपमधून गेली. गाव पुन्हा बिनविरोध.

मालिका पुढे बंद झाली, ती आकड्यांमुळे. मी ते काम सोडलं ते मात्र आकड्यांमुळे नाही. आता शेतीचे माहितीपट लिहितो, केळीवरच्या करपा रोगावर वगैरे. करप्याला ग्रे करायला कुणी सांगत नाही. पण गेल्या काही वर्षांत कुणीही माणूस ‘देश म्हणजे एक कुटुंब’ म्हणाला की मला लगेच बघावंसं वाटतं, की त्या कुटुंबात कुणाची वाक्यं खोडली आहेत.

यंदा पोळ्याच्या आधी मी गिरणीवर गेलो. न कळवता गेलो. मंगल ज्वारीचं दळण काढत होती, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. रांगेतल्या बायकांनी मला ओळखलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मंगल, माझं चुकलं. मला माफ कर.”

तिने गिरणीचा पट्टा थांबवला नाही. आवाजावर ओरडून म्हणाली, “माफी मालिकामा मागतस, भाऊ. बाजूले हो, पीठ उडस.”

दळणं संपेपर्यंत मी दारात उभा राहिलो. मग तिने गिरणी बंद केली, पदराने तोंड पुसलं. उपकेंद्राचं काय, विचारलं. कुलूप आहे, म्हणाली. गोण्या आहेत. बाया टेम्पोने जातात, कधी जीपने. पुढच्या वेळी उभी राहशील का, विचारलं. ती केरसुणी घेऊन गिरणीभोवतीचं पीठ झाडायला लागली. मला तिचा राग आला, खरं सांगतो. दोषी माणसाला असा राग येतो. मी म्हटलं, “पण तू का नाही बोललीस त्या दिवशी? वाक्य तर तुझंच होतं. पऱ्हाट्यांचं. तूच म्हणायचं होतंस!”

मंगलला मी काय विचारतोय तेच कळत नव्हतं असं वाटलं.

“ते मी तुले दियेल व्हतं ना,” ती म्हणाली. “माले वाटनं, तू बोलशी. मी थांबनू.”

एकदा देऊन टाकलेली वस्तू परत कशी वापरायची, हा प्रश्न तिला पडला होता. तेवढा वेळ ती पुऱ्यांची टोपली धरून माझ्यासाठी थांबली होती. आणि मी, वाक्य खिशात ठेवून भरिताच्या पंगतीत बसलो होतो. गिरणीच्या दारात तिने पाणी आणून दिलं.

आबा दिवाळी अंक घेतात, मला माहीत आहे. ओळीवर बोट ठेवून वाचतात. आबा, या ओळीवर बोट ठेवा. थोरली परत आली, माफी मागितली, हे मी तुमच्या पंगतीत सांगितलं ते अर्धंच होतं. त्याआधी ती काकाजींकडे बघून बोलली होती. ते मी पुसलं होतं. ती म्हणाली होती: “जाळ एकच आहे, काकाजी. पण पऱ्हाट्या सगळ्यांच्या शेतातून आल्यात.”

या हिवाळ्यात मी येणार आहे, बोलावलं नाही तरी. शाल नको. मंगलच्या शेतातला भारा डोक्यावर घेऊन येईन, आणि हे वाक्य तुमच्या जाळाशी उभा राहून मोठ्याने म्हणेन. त्यापुढे काय करायचं ते गावाने ठरवावं. त्याचा शेवट मी लिहिलेला नाही.

आणि एक दुरुस्ती. मालिकेच्या शेवटी नावं यायची, त्यात संवाद म्हणून माझं नाव असायचं. या एका वाक्यापुरतं ते असं वाचावं:

संवाद – मंगल. पिठाची गिरणी, खालची आळी.